जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज: आधी ड्रायव्हर गोळा करा, मग फॉरमॅट मारा

जुन्या लॅपटॉपवर नवी विंडोज टाकली की पहिल्या तासात ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. अक्षरं मोठी आणि पसरट दिसतात, वायफायचं चिन्हच गायब असतं, हेडफोन लावला तरी स्पीकर वाजतच राहतो. लॅपटॉप बिघडलेला नसतो, त्या त्या भागाचा ड्रायव्हर (विंडोजला तो भाग चालवायला शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर) बसलेला नसतो एवढंच. नवखा माणूस मग लॅपटॉपचं मॉडेल शोधात टाकतो आणि पहिल्याच लिंकवरून एखादं ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवून घेतो. ते अर्धे ड्रायव्हर चुकीचे बसवतं आणि उरलेल्यांसाठी पैसे मागतं.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या नावाचा नसतो, आतल्या चिपचा असतो. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत एकात इंटेलचं वायफाय कार्ड असतं तर दुसऱ्यात ब्रॉडकॉमचं. सेकंडहँड घेतलेल्या लॅपटॉपात तर मधल्या कुणीतरी कार्ड बदललेलंही असतं. म्हणून आधी चिप ओळखायची आणि मग ड्रायव्हर शोधायचा. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या पेढीवर बिलं काढणारा दहा वर्षांचा लॅपटॉप असो, की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात डिझाइनचं काम करणारा, रीत हीच.

कुठली विंडोज पेलेल

विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टचा आधार (अपडेट मिळणं) १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० ला घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते.

विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा सोय, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. पिढी प्रोसेसरच्या नावातच असते. आय५-८२५०यू असेल तर रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय३-२३५०एम असेल तर दुसरी. पेनड्राइव्हवर विंडोज तयार करणाऱ्या रुफससारख्या साधनाने या अटी वगळून ११ टाकता येते, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर ११ ची २४एच२ आणि नंतरची आवृत्ती सुरूच होत नाही, कारण त्या प्रोसेसरात लागणाऱ्या काही सूचनाच नाहीत. तिथे वेळ घालवू नका. त्यांच्यासाठी शेवटी, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचं लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट ३२ बिट की ६४ बिट. २ जीबी रॅमच्या काळात बऱ्याच लॅपटॉपांवर ३२ बिट विंडोज ७ टाकलेली असायची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते आणि ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर काही केल्या चालत नाही. जुनं सॉफ्टवेअर चालेल, ड्रायव्हर नाही. ३२ वरून ६४ वर जाताना वरच्या वर अपग्रेडही होत नाही, फॉरमॅटच मारावा लागतो, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावी लागते.

फॉरमॅटच्या आधी, जुनी विंडोज चालू असताना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नंतर जे शोधायला दोन दिवस लागतात ते इथे अर्ध्या तासात हाताशी येतं.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा (विंडोज ७ मध्ये कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मग मॅनेज). नेटवर्क अडॅप्टर, डिस्प्ले अडॅप्टर, साउंड आणि माउस या चार फांद्या उघडून मोबाइलने फोटो काढा. मग एकेका उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि प्रॉपर्टीच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तीन-चार ओळी दिसतील. सगळ्यात वरची सर्वांत नेमकी. तिचाही फोटो घ्या.

त्या ओळीत व्हीईएन या अक्षरांपुढे चार खुणा असतात, तो कंपनीचा क्रमांक. डीईव्हीपुढच्या चार म्हणजे चिपचा क्रमांक. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १०डीई एन्व्हीडिया आणि १००२ एएमडी. यूएसबीवरच्या उपकरणांना याऐवजी व्हीआयडी आणि पीआयडी असतं. एवढं ओळखता आलं की निम्मं काम झालं.

आता सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर आणि त्यात फाइलरिपॉझिटरी नावाचं फोल्डर आहे. ते अख्खं पेनड्राइव्हवर कॉपी करा. काही जीबी भरेल, भरू द्या. चालू असलेले ड्रायव्हर इथेच ठेवलेले असतात आणि नव्या विंडोजला हे फोल्डर दाखवलं तर ती त्यातून बरेच उचलते. जुनी विंडोज ३२ बिट आणि नवी ६४ बिट असेल तर मात्र याचा उपयोग नाही.

मग कंपनीच्या साइटवर जा. डेलच्या मागे सात खुणांचा सर्व्हिस टॅग असतो, लेनोवोवर मशीन टाइप, एचपीवर सीरियल आणि प्रॉडक्ट नंबर. स्टिकर पुसलं गेलं असेल तर हे क्रमांक बायोसमध्येही (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) दिसतात. साइटवर तुमच्या नव्या विंडोजचं नाव नसेल तर निराश होऊ नका. विंडोज ८.१ चा ६४ बिट ड्रायव्हर १० वर बहुतेक वेळा चालतो, आणि १० चा ११ वर जवळपास नेहमी चालतो. ७ चा १० वर वायफाय-साउंडसाठी बऱ्याचदा चालतो, ग्राफिक्स आणि पॉवरच्या बाबतीत कमी. उतरवताना लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर सगळ्यात आधी घ्या. ते नसतील तर बाकीचे उतरवायला नेटच मिळणार नाही.

बायोसचं नवं व्हर्जन असेल तर तेही फॉरमॅटच्या आधीच टाकावं, पण चार्जर लावून आणि बॅटरी चांगली असेल तरच. मध्येच वीज गेली आणि बॅटरी मेलेली असेल तर मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो. बॅटरी खराब आहे म्हणून अपडेट नकार देत असेल तर तो नकार योग्य आहे, त्यावर उपाय शोधू नका. ड्राइव्हवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या.

विंडोज टाकल्यावर: आधी विंडोजला तिचं काम करू द्या

वायफाय लगेच चाललं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा. विंडोज १० आणि ११ त्याला बहुधा आपोआप लॅन म्हणून ओळखते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन स्वतः वायफायवर असेल तर मोबाइलचा डेटाही जात नाही.

मग विंडोज अपडेट चालवा, रिस्टार्ट करा, पुन्हा चालवा. जुन्या मशीनवर दुसऱ्या फेरीत आणखी ड्रायव्हर येतात. बरेच जण इथेच थांबतात, पण खरा खजिना ऑप्शनल अपडेट्समध्ये असतो. विंडोज १० मध्ये अपडेटच्या पानावरच ‘व्ह्यू ऑप्शनल अपडेट्स’ दिसतं, ११ मध्ये अॅडव्हान्स्ड ऑप्शन्सच्या आत आहे. तिथले ड्रायव्हर अपडेट्स टिक करून घ्या. डेटा वाचवण्यासाठी कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवलं असेल तर विंडोज ड्रायव्हर उतरवत नाही आणि कारणही धड सांगत नाही. तेवढ्यापुरतं मीटर्ड बंद करा.

साधारण २०१२ नंतरच्या लॅपटॉपवर एवढ्यानेच डिव्हाइस मॅनेजरमधली, ड्रायव्हर नसल्याची बहुतेक पिवळी चिन्हं जातात. उरतील त्यांच्यासाठी पुढचं वाचा.

पिवळं चिन्ह कशाचं, ते नावावरून ओळखा

डिव्हाइस मॅनेजर अपुऱ्या नावाने बोलतो, पण त्या नावांना ठरलेले अर्थ आहेत:

- नेटवर्क कंट्रोलर म्हणजे वायफाय. इथरनेट कंट्रोलर म्हणजे लॅन.
- एसएम बस कंट्रोलर म्हणजे चिपसेटचा ड्रायव्हर टाकायचा आहे.
- इंटेलच्या मशीनवर पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर म्हणजे बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस.
- बेस सिस्टिम डिव्हाइस म्हणजे बहुधा कार्ड रीडर.
- अननोन डिव्हाइसच्या आयडीत एसएमओ८८०० असेल तर डेलचा, एचपीक्यू०००४ असेल तर एचपीचा लॅपटॉप पडल्याचं ओळखणारा सेन्सर. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली असेल तर त्याच्या मागे लागू नका, त्याचं काम संपलं.
- मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टरला पिवळं चिन्ह नसतं, पण ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेला नाही असा त्याचा अर्थ. ब्राइटनेस कमी-जास्त न होणं ही त्याचीच खूण.

उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड नंबर दिसतो, तोही वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही, बऱ्याचदा चुकीचं व्हर्जन. ३९ म्हणजे ड्रायव्हर खराब झाला किंवा सापडत नाही. ५२ म्हणजे डिजिटल सही पटली नाही. ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवला आहे. ग्राफिक्सवर ४३ आला आणि दोन-तीन व्हर्जन बदलूनही गेला नाही तर चिपच गेली असण्याची शक्यता धरा.

नेमका ड्रायव्हर शोधणं आणि हाताने बसवणं

शोधायची क्रमवारी अशी ठेवा: लॅपटॉप कंपनी, मग चिप बनवणारी कंपनी, मग मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग ही वेबसाइट. ही तिसरी जागा फार थोड्यांना माहीत असते. तिथल्या शोधपेटीत हार्डवेअर आयडीचा व्हीईएनपासून डीईव्हीच्या चार खुणांपर्यंतचा तुकडा टाका. आयडीचा पुढचा लांबलचक भाग टाकला तर बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. निकालांत प्रॉडक्ट्सच्या रकान्यात तुमची विंडोज आहे का पाहा, तारखेनुसार लावा आणि नवा उतरवा. कॅब फाइल येते. ती सेव्हन-झिपने एका फोल्डरमध्ये उघडा.

आता हा ड्रायव्हर आपल्याच चिपचा आहे का, हे बसवण्याआधी तपासता येतं. फोल्डरमधली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या चिपचा ते हिच्यात लिहिलेलं असतं) नोटपॅडमध्ये उघडा आणि डीईव्हीचा क्रमांक शोधा. सापडला तर ड्रायव्हर तुमचा. नाही सापडला तर साइट काहीही म्हणो, तो बसणार नाही. याच फाइलमध्ये किंवा फोल्डरच्या नावात एएमडी६४ दिसलं की इंटेलवाले दचकतात. घाबरू नका. ते ६४ बिटचं जुनं नाव आहे, इंटेललाही तेच लागू.

बसवायचं असं: डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, फोल्डर दाखवा, ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर टिक ठेवा, नेक्स्ट. आधी कॉपी केलेलं फाइलरिपॉझिटरी फोल्डरही असंच दाखवायचं.

कंपनीच्या सेटअप फाइलने ‘हा कॉम्प्युटर योग्य नाही’ म्हणून हात झटकले तरी बहुतेक वेळा फाइल्स आधीच उघडून ठेवलेल्या असतात. एचपीच्या सी ड्राइव्हमधल्या एसडब्ल्यूसेटअप फोल्डरमध्ये, लेनोवोच्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये. डेलच्या सेटअपमध्ये एक्स्ट्रॅक्टचं बटणच असतं. तिथली आयएनएफ वरच्याच रीतीने दाखवा. बऱ्याचदा सेटअप फक्त विंडोजचं व्हर्जन पाहून नकार देतो, ड्रायव्हर चांगला असतो.

क्रमही महत्त्वाचा आहे: चिपसेट, मग लॅन-वायफाय, ग्राफिक्स, साउंड, टचपॅड आणि शेवटी कार्ड रीडर व फंक्शन बटणं. दर वेळी एकच ड्रायव्हर टाका आणि रिस्टार्ट करा. पाच एकदम टाकले आणि निळा स्क्रीन आला तर दोषी कोण ते कळणार नाही. सुरुवातीलाच सिस्टिम रिस्टोअर चालू करून एक पॉइंट बनवून ठेवा. नव्या विंडोजवर ते बऱ्याचदा बंद असतं.

हमखास अडणाऱ्या जागा

*ग्राफिक्स.* इंटेलच्या दुसऱ्या पिढीतल्या एचडी ३००० ला इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर आपल्या साइटवर दिला नाही, पण विंडोज अपडेटमधून येतो. म्हणून इंटेलच्या साइटवर शोधत बसू नका. एन्व्हीडियाच्या ४०० आणि ५०० मालिकेतल्या फर्मी चिपसाठी शेवटचा नियमित ड्रायव्हर ३९१.३५. एएमडीच्या एचडी ५००० आणि ६००० मालिकेसाठी १५.७.१ हा शेवटचा प्रमाणित. त्याहून नवा टाकायला गेलात तर बहुतेक वेळा चिप सापडलीच नाही म्हणेल. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर आधी इंटेलचा, मग एन्व्हीडियाचा. इंटेल आणि एएमडी जोडी असेल तर शक्यतो लॅपटॉप कंपनीचाच ड्रायव्हर घ्या, एएमडीचा साधा ड्रायव्हर त्या जोडणीत गोंधळतो.

*टचपॅड.* हलतो, पण दोन बोटांनी स्क्रोल होत नाही, तर सिनॅप्टिक्स, एलान किंवा आल्प्सचा ड्रायव्हर लागतो. अजिबातच हलत नसेल आणि लॅपटॉप चौथ्या पिढीनंतरचा असेल तर दोष टचपॅडच्या ड्रायव्हरचा नसून बहुधा इंटेल सीरियल आयओचा आहे. तो टाकला की टचपॅड जागा होतो. तोवर यूएसबी माउस हाताशी ठेवा.

*साउंड.* विंडोजचा साधा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ’ ड्रायव्हर आवाज देतो, पण हेडफोनची पिन बऱ्याच लॅपटॉपवर ओळखत नाही. लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर टाका. रिअलटेकचा कुठूनही उचललेला टाकला तर माइक जाण्याची शक्यता असते, कारण पिनांची जोडणी मॉडेलनुसार वेगळी असते.

*वायफायला ड्रायव्हरच नसणं.* मग कार्ड बदलायचं. पण एचपी आणि लेनोवोच्या काही जुन्या मॉडेलांचं बायोस यादीबाहेरचं कार्ड स्वीकारत नाही, चालू होतानाच अडतं. अशा वेळी छोटं यूएसबी वायफाय घेणं बरं. स्वस्त पडतं आणि विंडोज बहुतेकांना लगेच ओळखते.

*तापणं.* ड्रायव्हर बदलल्यावर लॅपटॉप हळू झाला म्हणून ग्राफिक्सचा ड्रायव्हर पाच वेळा बदलण्याआधी पंखा पाहा. यंत्रमागाच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यात ठेवलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात सुताचा भुसा इतका बसतो की सोलापूरच्या मे महिन्यात कुठलाही ड्रायव्हर तिथे काही करू शकत नाही.

धंद्याची जुनी उपकरणं

खरी पंचाईत इथे होते. लॅपटॉप झकास चालू होतो आणि बिल निघत नाही.

सुताचं वजन करणारा काटा किंवा कंट्रोलर यूएसबी-सीरियल केबलने जोडलेला असतो. केबलची व्हीआयडी पाहा: ०६७बी प्रोलिफिक, १ए८६ सीएच३४० मालिका, ०४०३ एफटीडीआय. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर जुन्या आणि नकली चिपना मुद्दाम नाकारतो, कोड १० देतो. उपाय असा की जुन्या व्हर्जनचा ड्रायव्हर टाकायचा आणि अपडेट ड्रायव्हरमध्ये ‘लेट मी पिक’ निवडून यादीतून तोच निवडायचा. पुढे हेच झंझट नको असेल तर एफटीडीआयची केबल घ्या. आणखी एक फसगत: नव्या विंडोजवर पोर्टचा नंबर बदलतो. काट्याचं जुनं सॉफ्टवेअर कॉम १ ते ४ मध्येच शोधत असेल आणि केबल कॉम ७ वर बसली असेल तर वजन येणार नाही. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, अॅडव्हान्स्ड, तिथे नंबर बदला.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यूएसबी-पॅरलल केबलवर असेल तर ड्रायव्हर बरोबर असूनही छापत नाही, कारण पोर्ट एलपीटी१ (जुन्या पॅरलल जोडणीचा) राहिलेला असतो. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्समध्ये यूएसबी००१ निवडा. कंपनीचा ड्रायव्हर मिळत नसेल तर विंडोजमधला ‘जेनेरिक, टेक्स्ट ओन्ली’ साध्या बिलापुरता पुरतो.

जेकार्ड किंवा एम्ब्रॉयडरी डिझाइनच्या सॉफ्टवेअरची डोंगल (लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्ली) ही सगळ्यात चिवट. सीडीवरचा जुना ड्रायव्हर ३२ बिटचा असतो, तो टाकूच नका. सॉफ्टवेअर जुनंच राहू द्या, पण डोंगल बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ताजा ६४ बिट रनटाइम घ्या. सॉफ्टवेअरवाल्याला आधी विचारून ठेवणं शहाणपणाचं, कारण डोंगल चाललीच नाही तर जुनी विंडोज परत टाकावी लागेल. अशा मशीनची जुनी डिस्क न पुसता बाजूला काढून ठेवा आणि नवी विंडोज वेगळ्या एसएसडीवर टाका.

विंडोज ११ मध्ये जुन्या डोंगलचा ड्रायव्हर ‘मेमरी इंटेग्रिटी’ या सुरक्षा सोयीमुळेही अडतो. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे न चालणाऱ्या ड्रायव्हरची यादी दिसते. कोड ५२ वर मात्र सही तपासणी कायमची बंद करायचा सल्ला ऐकू नका. शिफ्ट धरून रिस्टार्ट केल्यावर मिळणारा बंद करण्याचा पर्याय फक्त पुढच्या रिस्टार्टपर्यंत टिकतो, तो तपासण्यापुरता वापरा.

सेवा केंद्रातल्या बोटांच्या ठशाच्या यंत्राला ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (ठसा आधारच्या पडताळणीसाठी पोर्टलला देणारी) ही दोन वेगळी सॉफ्टवेअर लागतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक आणि पोर्टल ‘यंत्र सापडलं नाही’ म्हणत असेल तर आरडी सर्व्हिस बसलेली नाही किंवा बंद आहे.

लिनक्सचं थोडक्यात

लिनक्स मिंटमध्ये बहुतेक ड्रायव्हर आतच असतात. पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून काहीही न पुसता वायफाय, आवाज, ब्राइटनेस आणि झाकण लावून झोपवणं तपासा. ब्रॉडकॉमची काही वायफाय कार्डं तेवढी अडतात. टेदरिंगने नेट देऊन ड्रायव्हर मॅनेजर उघडला की तो ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर सुचवतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. वर सांगितलेलं डिझाइनचं सॉफ्टवेअर आणि त्याची डोंगल इथे चालण्याची आशा मात्र ठेवू नका.

सगळं बसल्यावर

विंडोज अपडेट कधीकधी चाललेला ड्रायव्हर बदलून टाकते आणि सकाळी आवाज गेलेला असतो. उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर ‘रोल बॅक’ दाबा. तेच पुन्हा पुन्हा होत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये ‘नो’ निवडा. आणि सगळी पिवळी चिन्हं गेली की फाइलरिपॉझिटरी फोल्डर पुन्हा एकदा पेनड्राइव्हवर घ्या, त्यावर लॅपटॉपचं मॉडेल, विंडोजचं व्हर्जन आणि तारीख लिहा. लॅपटॉप दुकानात द्यायची वेळ आली तर हा पेनड्राइव्ह सोबत द्या आणि फॉरमॅट मारण्याआधी डेटाचा बॅकअप घेतला का ते विचारूनच तिथून निघा.